साच्याची रेघ

१

मासा आमिषाला तोंड का लावतो, याचा कधी विचार केलाय का तुम्ही?

भूक लागते म्हणून, असंच सगळे म्हणतात. आमच्या दुकानात गळ आणि रबरी आमिषं घ्यायला येणारी मोठमोठी माणसंही हेच म्हणतात. पण पोट भरलेला मासाही तोंड लावतो. कारण समोरून जाणारी वस्तू त्याच्या ओळखीची असते. तशीच वळवळते, तशीच थांबते. ओळखीचं काही दिसलं की तोंड आपोआप पुढे होतं.

आमचं दुकान तलावाला पाठ टेकून उभं आहे. पुढचं दार रस्त्यावर उघडतं. मागच्या दारातून चार-पाच दगडी पायऱ्या उतरल्या की लाकडी फळ्यांचा धक्का आणि लगेच पाणी. आत भिंतीवर काठ्या, काचेखाली दोरी गुंडाळायच्या चक्र्या आणि शिसाच्या गोळ्या, आणि काउंटरवर उथळ ट्रे. ट्रेमध्ये रबरी माल: गांडुळं, बेडूक, वळलेल्या शेपटीच्या अळ्या, बोटाएवढ्या मासोळ्या. मी शाळेपलीकडे शिकले नाही, पण या ट्रेपुढे उभं राहून मी कुणाच्याही शंकेला उत्तर देते.

टोपीवाले भावोजी आमचे जुने गिऱ्हाईक, आणि ह्यांचे मित्र. टोपी झोपतानाही काढत नसतील असा आमचा अंदाज. त्या दिवशी ते आले ते चिडूनच.

"वहिनी, तुमच्या गांडुळाने नाक कापलं माझं. मासा मागे मागे येतो, बघतो, आणि परत जातो. मुलगी बघायला आल्यासारखा!"

"कुठलं लावलं होतं?"

"हे, मोठं जांभळं. चमकीचं."

"पाणी किती स्वच्छ आहे बघितलंत का? मागे येतो म्हणजे त्याला हवंय, पण खात्री नाही. मग आकार लहान करायचा. रंग साधा करायचा. आणि ओढायचं सावकाश. इतकं सावकाश की तुम्हालाच कंटाळा यावा."

"आणि तरीही नाही घेतलं तर?"

"तर पाणी थोडे दिवस तसंच सोडायचं. त्याला विसरू द्यायचं. मग पुन्हा जायचं, आणखी लहान घेऊन."

"तुम्ही माशांच्या शत्रू आहात की सासू?" ते म्हणाले, आणि मागच्या दाराशी खुर्चीत बसलेल्या माझ्या सासूबाईंकडे बघून जीभ चावली. "तुम्हाला नाही हो, आई."

सासूबाई हसल्या नाहीत. त्या पाण्याकडे बघत होत्या. हल्ली त्या तिकडेच बघत.

मी भावोजींना बारीक तपकिरी अळ्या दिल्या आणि नेहमीची ताकीदही दिली. आमच्याकडे रबर दोन जातींचं असतं. एक साधं मऊ, एक लांब ताणलं जाणारं. दोन्ही एका डब्यात ठेवायची नाहीत. एकमेकांना लागली की वितळतात, दुसऱ्या दिवशी डब्यात नुसता लगदा. दर मोसमात कुणीतरी ही चूक करतंच आणि आम्हाला शिव्या देतं.

ते अळी उजेडात धरून म्हणाले, "पोटावर ही रेघ कसली?"

"साच्याची. दोन अर्धे साचे जुळवून ओततात ना, जिथे जुळतात तिथे रेघ राहते. कितीही घासा, पूर्ण जात नाही."

"माशाला दिसत नाही वाटतं?"

"दिसत असेलही," मी म्हणाले. तेव्हा मी ते सहज बोलून गेले.

२

त्याआधी काही महिने माझे यजमान एका सकाळी होडी घेऊन गेले होते. होडी पलीकडच्या काठाला लागलेली सापडली. सामानाची पेटी बंद, डब्यातला चहा अर्धा, काठी टेकवलेली आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, पाण्यात सोडलेला. पाणबुडे आले, जाळी टाकली, शेवटी पोलिसांच्या साहेबांनी हात जोडले. पाणी फार खोल आहे, म्हणाले.

मी रडले, आणि मग दुकान उघडलं. मला दुसरं काही येत नाही. सासूबाईंनी मात्र खुर्ची उचलून मागच्या दारात ठेवली. "येईल तो," एवढंच म्हणाल्या. मी वाद घातला नाही. त्या माऊलीला कुठल्या तोंडाने सांगणार?

पहिल्यांदा ऐकू आलं ते संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळी. मी ट्रे झाकत होते. तलावाच्या मधोमध कुणीतरी मोठ्याने हाक मारली.

"आई! ए आई!"

आवाज ह्यांचा. त्यात शंकाच नाही. सासूबाई खुर्ची पाडून धावल्या. मी त्यांना शेवटच्या पायरीवर धरलं. पाण्यावर उजेड होता, लांबपर्यंत स्वच्छ दिसत होतं. कुणी नव्हतं. होडी नाही, डोकं नाही, तरंगसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजींना सांगितलं तर ते म्हणाले, "पाण्यावरून आवाज लांबचे येतात, वहिनी. पलीकडे कुणाचा तरी पोरगा आईला बोलवत असेल." मला ते पटलं. खरं म्हणजे मी पटवून घेतलं.

मग खोकला सुरू झाला. तो हाकेहून कितीतरी जवळ होता, अगदी धक्क्याखाली. ह्यांना सकाळी घसा साफ करायची सवय होती. दोनदा खोकायचे, मग "हं" म्हणायचे. तोच खोकला. फळ्यांच्या फटीतून यायचा, मी भांडी घासत असताना, मी दुकान झाडत असताना. सासूबाई प्रत्येक वेळी अर्ध्या उठायच्या.

मी फळीवर आडवी होऊन खाली बघितलं. शेवाळ, खांब, आणि एक रिकामी बाटली. मनाला म्हटलं, खांबावर पाणी आपटतं, त्याचा आवाज असेल. बाई, तुला सगळीकडे नवराच ऐकू येणार आता.

पण एक गोष्ट मला टोचत राहिली. तो खोकला दर वेळी हुबेहूब सारखा होता. तेवढाच मोठा, मध्ये तेवढीच उसंत, "हं" तेवढंच खालच्या पट्टीत. माणूस दोनदा एकसारखा खोकत नाही. रबरी शेपटी मात्र दर वेळी एकसारखीच हलते.

३

चप्पल सासूबाईंना सापडली. वरच्या पायरीवर, कोरड्या जागी, कुणी काढून ठेवावी तशी.

"बघ!" त्या चप्पल उराशी धरून आत आल्या. चेहऱ्यावर असं तेज मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. "म्हटलं नव्हतं मी? त्याचीच आहे. टाच बघ, आतल्या बाजूने झिजलेली. लहानपणापासून तसाच चालतो मेला."

टाच खरंच तशी झिजली होती. निळा पट्टा, अंगठ्यापाशी पडलेला खड्डा. मी हात पुढे केला, पण त्यांनी दिली नाही. काउंटरवर स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवली, ताणणाऱ्या गांडुळांच्या ट्रेमध्येच, आणि चहा करायला आत गेल्या. चहा त्यांनी दोघींचा नाही, तिघांचा केला.

गिऱ्हाइकांच्या गर्दीत मी ट्रेकडे बघितलं नाही. दुपारी बघितलं तेव्हा चप्पल खाली बसली होती. तळवा वितळून गांडुळांत मिसळला होता. हिरवा, तपकिरी, निळा, सगळे रंग एकमेकांत उतरले होते.

तुम्ही तुमची रबरी चप्पल या गांडुळांत वर्षभर ठेवा. काही होणार नाही. ते रबर वेगळं असतं, घट्ट असतं. वितळतं ते फक्त साच्यात ओतलेलं मऊ आमिष.

मी पुढचं दार लोटून घेतलं आणि चप्पल उजेडात नेली. पट्टा तळव्याला जोडलेला नव्हता. पट्टा आणि तळवा एकच होता. पट्टा खालून ओवायची भोकं असतात ना, ती नव्हती, नुसते गोल ठसे होते. टाचेचा झिजलेला भागही ओतलेला. आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत, अगदी मधोमध, नखाने चाचपावी लागेल इतकी बारीक रेघ.

मी नाकाशी धरली. आम्ही मालाला वास लावतो, लसणाचा, बडीशेपेचा, ज्याला जो आवडेल तो. या चपलेला ह्यांच्या साबणाचा वास होता.

तेव्हा मी स्टुलावर बसले. आधी मोठी हाक, लांबून. नाही घेतली. मग खोकला. मग चप्पल, वास लावलेली. दर वेळी आणखी लहान, आणखी साधं, आणखी जवळ.

आयुष्यभर मी हेच शिकवत आले. मासा मागे येतो, पण तोंड लावत नाही, तर काय करायचं.

४

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. रेघ दाखवली, भोकं नसलेला पट्टा दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत राहिल्या.

"तुला नवरा नकोसा झालाय का गं?"

"आई, असं काय बोलता?"

"मग? तो घरी यायला बघतोय आणि तू त्याच्यात खोट काढतेस. माझा मुलगा आहे तो. तुझ्या ट्रेमधला माल नव्हे."

"तेच तर म्हणतेय. हा मुलगा नाही. माल आहे."

त्या उठून आत गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या त्या फक्त "मीठ कमी आहे" एवढंच.

भावोजींनी मात्र चप्पल उलटसुलट करून बघितली. टोपी काढली त्यांनी, पहिल्यांदाच. डोक्यावर टक्कल होतं, बिचारे.

"वहिनी, दुकानाला कुलूप लावा. आईंना घेऊन भावाकडे जा थोडे दिवस."

"नाही जाणार."

"हट्ट करायची वेळ आहे का ही?"

"हट्ट नाही, भावोजी. मासे पकडायची आणखी एक पद्धत असते. पाणी बडवायचं, मासा घाबरून पळतो, आणि जिकडे पळतो तिकडे आधीच जाळं लावलेलं असतं. मी पळणार नाही. दुकान माझं आहे, पायऱ्या माझ्या आहेत. ज्याला जायचंय त्याने जावं."

"कोणाला सांगताय हे?"

मी मागच्या दाराकडे बघितलं. त्यांनीही बघितलं, आणि टोपी घालून ते निघून गेले.

मी दाराला नवीन कडी बसवली, वर, सासूबाईंचा हात पोचणार नाही अशी. तंगूस कापायची माझी लहान कात्री मी दिवसभर गळ्यात घालते, ती झोपतानाही काढेनाशी झाले. लाल दोरीत ओवलेली आहे. दोरी ह्यांनी बांधली होती, लग्नानंतरच्या पहिल्या मोसमात. गाठ त्यांच्या पद्धतीची, दुहेरी. मला तशी गाठ कधी जमली नाही.

मग सगळं थांबलं. हाक नाही, खोकला नाही, पायरीवर काही नाही. तलाव आरशासारखा. सासूबाई पुन्हा बोलू लागल्या, मिठाला नावं ठेवेनाशा झाल्या. भावोजी म्हणाले, "गेलं वाटतं." मीही हसले.

पण मला ठाऊक होतं. पाणी तसंच सोडलं होतं. जे कोणी होतं ते आम्हाला विसरू देत होतं.

५

ते भर दुपारी झालं. ऊन इतकं होतं की काउंटरवरची काच हात लावू देत नव्हती. मी पुढे एका गिऱ्हाइकाला चक्रीची कळ दाखवत होते. तो गेला, मी मागे वळले. खुर्ची नेहमीच्या जागी नव्हती. ती दाराला टेकवून, तिच्यावर चढून कडी काढलेली होती.

दार सताड उघडं.

सासूबाई धक्क्याच्या टोकाला बसल्या होत्या. पाय पाण्यात सोडलेले, लुगड्याचा काठ भिजलेला. पाठमोऱ्या. मान एका बाजूला कललेली, लहान मुलाला झोपवताना कलते तशी. त्या काहीतरी पुटपुटत होत्या.

"आई," मी हळूच म्हटलं. "इकडे या."

त्यांनी वळून पाहिलं नाही. मी जवळ गेले तेव्हा दिसलं. त्यांच्या मांडीशेजारी, फळीच्या कडेवर, एक हात होता. पाण्यातून वर आलेला, कोपरापर्यंत. बाकी काही नाही, फक्त हात. करंगळीशेजारच्या बोटाचं नख काळं. कित्येक वर्षांपूर्वी गळ शिरला होता तिथे, मीच काढला होता. सासूबाई तो हात कुरवाळत होत्या.

आणि तो हात कसलीही घाई करत नव्हता. कितीतरी वेळ नुसता पडून राहिला. मग बोटं थोडी हलली. थांबली. पुन्हा हलली. अंगठा त्यांच्या मनगटावर आला. इतकं सावकाश, की मलाही वाटलं, राहू दे. धरू दे. बिचारा दमून आलाय.

हे मला वाटलं, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते अजून.

मी फळीवर पालथी पडले आणि कडेवरून खाली बघितलं. पाणी स्वच्छ होतं. ऊन तळापर्यंत गेलं होतं. हाताखाली खांदा होता, खांद्यावर चेहरा, वर बघणारा. डोळे उघडे. मिशी, गालावरचा तीळ, सगळं जिथल्या तिथे. आणि कपाळापासून नाकाच्या शेंड्यावरून हनुवटीपर्यंत, मधोमध, ती रेघ.

चेहऱ्याच्या खाली काही नव्हतं. जे होतं ते मी बघितलं नाही, कारण सासूबाई पुढे सरकल्या. बोटं मिटली होती.

मी एका हाताने त्यांची कंबर धरली. दुसरा हात पाण्यात घातला. गळ दिसत नसला तरी दोरी असतेच. दोरीशिवाय आमिष चालत नाही, हे मला कुणी सांगायला नको. खांद्यामागे हात फिरवला आणि लागली. केसाहून थोडी जाड. ताठ. आणि कोमट, अंगाएवढी कोमट. माझं बोट लागताच ती शहारली. पलीकडच्या टोकाला कुणीतरी होतं, आणि त्याला कळलं होतं. आम्हालाही असंच कळतं, बोटाच्या टोकावर.

मी दातांनी गळ्यातली दोरी ओढली, कात्री हातात आली.

"ऐक," मी पाण्यात बोलले. ओठांना पाणी लागत होतं. "हे मी रोज विकते. रोज! मला काय शिकवतोस तू?"

आणि कापलं.

ती कोमट दोरी सपकन खोल गेली, आणि जाताना माझी कात्री, लाल दोरीसकट, मान सोलत घेऊन गेली. तलावाच्या मधोमध पाणी एकदा फुगलं आणि बसलं, जसा ओढून धरलेला दोर तुटल्यावर माणूस मागे पडतो. मोठ्या लाटा आल्या, पायऱ्यांवर आपटल्या, दारापर्यंत शिंतोडे उडाले. मग पुन्हा आरसा.

हात फळीवर तसाच पडून होता. बोटं सुटली होती. मऊ.

६

सासूबाईंना मी आत आणलं, कोरडे कपडे दिले. त्यांचं मनगट लाल झालं होतं. त्यांना बसवून मी चिमट्याने तो हात उचलला आणि ताणणाऱ्या रबराच्या बादलीत टाकला. संध्याकाळपर्यंत तिथे लगदाच उरला. मी तो मागे खड्डा करून पुरला, पाण्यापासून लांब.

दिवा लावल्यावर त्या म्हणाल्या, "मला कळलं होतं गं."

"काय?"

"पहिल्या हाकेलाच. आईला कळणार नाही का? तो मला कधी 'ए आई' म्हणायचा नाही. 'म्हातारे' म्हणायचा, लाडाने."

"मग गेलात कशाला?"

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तूच म्हणतेस ना, पोट भरलेला मासाही तोंड लावतो म्हणून. मी तर उपाशीच होते." मग त्यांनी हात लांब करून माझी सोललेली मान चाचपली. "कात्री गेली ना तुझी? त्याने बांधलेली."

"जाऊ दे, आई."

"जाऊ दे," त्याही म्हणाल्या, आणि आम्ही दोघी तेव्हा रडलो. त्यांनी पहिल्यांदाच, तो गेला म्हणून. नंतर त्यांनी खुर्ची स्वतः उचलली आणि पुढे काउंटरपाशी नेऊन ठेवली, रस्त्याकडे तोंड करून.

झोप मला आली नाही. सारखा हात गळ्याकडे जायचा. ती गाठ आता मला कुणी बांधून देणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराबाहेर, वरच्या पायरीवर, कोरड्या जागी एक लहान कात्री पडलेली होती, लाल दोरीसकट, दुहेरी गाठीसकट, सगळी एकाच तुकड्याची. मी ती ओलांडून पाणी शिंपडलं, दार लावून घेतलं आणि दुकान उघडलं.